"सरासरी ४%" बघून ऑफिसनंतर या लूपला निघू नका

काल ऑफिस सुटल्यावर सायकलवर ३८ किमीचा डोंगरातला लूप (फिरून परत घरी येणारा रूट) केला, आज जिना उतरताना मांड्या भरून आल्यात, तर विसरायच्या आत लिहून टाकतो. ज्याने रूट दिला तो म्हणाला होता थोडा चढउतार आहे, दीड तासात घरी पोचशील. मला २ तास २० मिनिटं लागली, त्यातली शेवटची ४० मिनिटं अंधारात.

पहिले २२ किमी ठीक आहेत, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

खरा प्रकार त्यानंतर. ऍपमध्ये तो चढ ३ किमीचा दिसतो, उंची १२० मीटर, म्हणजे सरासरी ४%. पण पहिला किलोमीटर जवळपास सपाट, माथ्याआधी परत थोडा उतार, आणि जवळजवळ सगळी उंची मधल्या ९०० मीटरमध्ये. तिथे सलग १३% आहे. सरासरी बघून निघालेला माणूस फसणारच, ग्राफ झूम करून बघाच बघा, मी बघितला नाही.

माझं पुढे ३४ दात्यांचं चाक, मागे सगळ्यात मोठं २८ दात्यांचं. ६० च्या केडन्सला (मिनिटाला पेडलचे ६० फेरे) याचा स्पीड ताशी ९ किमी येतो आणि सायकल धरून ८० किलो वजन असेल तर तिथे २७० वॅटच्या आसपास लागतात, दिवसभर खुर्चीत बसलेल्या पायांतून ते कुठून येणार? केडन्स ४० वर आला, उभं राहिलो तर मागचं चाक खडीवर सटकायला लागलं, शेवटचे २०० मीटर सायकल हातात धरून चाललो. मागे ३४ ची कॅसेट (मागच्या दातेरी चाकांचा संच, सगळ्यात मोठं ३४ चं) असती तर त्याच केडन्सला साधारण २२५ वॅटमध्ये भागलं असतं. २८ वर हा चढ करू नका, स्पष्ट सांगतो. आणि मध्ये थांबू नका, तेवढ्या चढावर परत क्लिप-इन होणं (बूट पेडलमध्ये अडकवणं) फार अवघड जातं.

दुपारी जेवल्यावर थेट संध्याकाळी निघालो, मध्ये काही खाल्लं नव्हतं, तेही नडलं. निघायच्या तासभर आधी काहीतरी खा आणि खिशातही ठेवा.

माथ्यावर पोचलो तेव्हा फक्त क्षितिजावर उजेड उरला होता, खूप भारी वाटलं, पण पाच मिनिटंच. पुढचा ४ किमी उतार उखडलेला आहे आणि वळणांवर आतल्या बाजूला खडी. ४० च्या स्पीडला सेकंदाला ११ मीटर जाता, माझी लाईट नुसती दुसऱ्याला दिसण्यापुरती होती, खड्डा दिसेपर्यंत चाक त्यात. मी २० च्या वर गेलोच नाही, तुम्हीही जाऊ नका, ब्रेक वळणाआधी मारा, वळणात नाही.

माझं मत, लूप उलटा करा. मग तो ४ किमीचा रस्ता ५-६% चा चढ म्हणून येतो, १३% वाला पट्टा उतार होतो आणि तिथे तुम्ही निम्म्या राइडच्या आतच, उजेड असतानाच पोचता. लाईट तरी पूर्ण चार्ज करूनच घ्या.