शेतरस्ता मोकळा केला आणि दावा आला माझ्याच नावावर

मी परभणी जिल्ह्यात सर्कल, म्हणजे मंडळ अधिकारी आहे. मामलेदार कोर्ट अ‍ॅक्ट १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदार साहेबांचा शेतरस्त्याचा आदेश होता, पोलीस बंदोबस्त घेऊन जेसीबीनं धुऱ्यावरच्या काट्या काढल्या, त्यात तुरीची दोन तासं (ओळी) गेली. पुढं कोर्टाचा बेलीफ समन्स घेऊन घरीच आला. नुकसानभरपाईचा दावा, आणि प्रतिवादी मी एकटाच, शासन नाही का तहसीलदार नाही. बायको म्हणे, पगारातून कापतेत का आता?

ऑफिसात जो तो एकच सांगायचा, घाबरू नका, परवानगी असल्याशिवाय सरकारी माणसावर केस होत नसते. हे अर्धवट ज्ञान आहे. ती परवानगी फौजदारीत लागते, आधी सीआरपीसी (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम १९७ होतं, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम २१८, आणि ते बी ज्याला शासनाच्या मंजुरीशिवाय नोकरीतून काढता येत नाही त्यालाच. तलाठ्याची नेमणूक प्रांताकडून, आमची कलेक्टरकडून, म्हणजे आपण त्यात बसतच नाही. खालच्या लोकांना आधार आहे बीएनएसएसच्याच कलम २२३ चा, कुणी खाजगी फिर्याद केली तर मॅजिस्ट्रेटनं आधी तुमचं म्हणणं ऐकायचं आणि वरिष्ठाचा रिपोर्ट मागवायचा.

माझं मॅटर दिवाणी. तिथं कामाला आलं सीपीसीचं (दिवाणी प्रक्रिया संहिता) कलम ८०. सरकारी कामाबद्दल अधिकाऱ्यावर दावा करायचा तर दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते, अगदीच तातडीचं असेल तर कोर्टाच्या परवानगीनं नोटिशीशिवाय येता येतं, पण इथं नुसती भरपाई होती, कसली तातडी? शिवाय सीपीसीच्याच ऑर्डर २७ नियम ५अ प्रमाणं अशा दाव्यात शासनाला पार्टी करावंच लागतं. पण हे कोर्ट आपणहून बघून सोडून देईल या भरवशावर बसू नका, आपल्या बाजूनं मांडावं लागतं.

समन्स हातात पडल्याबरोबर तहसीलदारांना पत्र दिलं, शासनानं माझा बचाव करावा म्हणून, आणि ओसीवर (आपल्याकडच्या प्रतीवर) आवकचा शिक्का घेतला. फाईल वर गेली आणि तिथंच बसली. इकडं कैफियतीला, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर द्यायला ३० दिवस, कोर्टानं वाढवून दिले तर ९०, जीव नुसता टांगणीला. सरकारी वकील साहेब जुने माणूस, म्हणाले शासनाला विचारायला वेळ पाहिजे असा त्याच ऑर्डर २७ च्या नियम ७ खाली अर्ज टाकू, तोवर पंचनामा काढा.

पंचनामा मी जागेवरच लिहिला होता. रस्त्याची लांबी-रुंदी, तुरीची तासं किती आणि कोणत्या बाजूची, दोन पंच त्याच शिवारातले, एकाची सही एकाचा अंगठा, आणि वादीच्या नावापुढं 'सही करण्यास नकार'. वकील साहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, सर्कल, हे चांगलं केलंत, याच्यावरच तुमचं सगळं आहे. (आमचे काही भाऊ पंचनामा ऑफिसात बसून दुसऱ्या दिवशी लिहितात, त्यांनी बघा बाबा.)

मग वकीलपत्र दाखल झालं, नोटीस नाही, शासन पार्टी नाही म्हणून ऑर्डर ७ नियम ११ खाली दावा फेटाळायचा अर्ज पडला. त्यावर युक्तिवाद व्हायच्या आधीच वादीच्या वकिलानं नव्यानं दाखल करायची मुभा मागून दावा काढून घेतला. नंतर रीतसर नोटीस आली, कलेक्टर साहेबांना आणि मला. उत्तर गेलंय, सोबत तोच पंचनामा. दोन महिने होऊन गेले, नवा दावा अजून तरी नाही.