नाकबप: हापकिदोचे सात महिने

ऑगस्टात हापकिदो, म्हणजे कोरियन स्वसंरक्षणाची कला, सुरू केलं तेव्हा दर महिन्याला नोंद लिहायची असं ठरवलं होतं. तीन लिहिल्या, मग खांदा दुखावला आणि वही कपाटात गेली. आता मार्च चालू आहे, म्हणून राहिलेलं सगळं एकदमच लिहितेय. क्रम पुढेमागे होईल, सांभाळून घ्या.

नव्यांसाठी: मी मूळची कोल्हापूरची, वय ३९, नवऱ्याच्या नोकरीमुळे दक्षिण कोरियात सुवॉनला राहते. याआधीचा व्यायाम म्हणजे चालणं आणि अधूनमधून सूर्यनमस्कार. इथे तायक्वोंदोचे वर्ग गल्लोगल्ली आहेत, पण माझा उजवा गुडघा कुरकुरतो आणि मला उंच लाथांपेक्षा कुणी हात धरला तर काय करायचं हे शिकायचं होतं. लाथा हापकिदोतही आहेत, अगदी भरपूर. हे मला फी भरल्यावर कळलं.

दोजांग, म्हणजे सरावाची जागा, दिवसभर मुलांचं असतं. पिवळ्या गाड्या शाळेतून मुलं भरून आणतात, दोरीच्या उड्या चालतात, आरडाओरडा असतो. मोठ्यांचा वर्ग रात्री नऊला, आम्ही जेमतेम पाच जण. ग्वानजांगनिम, म्हणजे दोजांगचे प्रमुख, साठीचे आहेत आणि फार कमी बोलतात. माझी जोडीदार एक नर्स आहे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. ती मला ओनी म्हणते, म्हणजे ताई, आणि ताई म्हणतच मनगट असं पिरगाळते की डोळ्यात पाणी येतं.

पहिले दोन महिने: पडणे

मारायला शिकायला गेले होते आणि दोन महिने नुसती पडत होते. पडण्याच्या तंत्राला इथे ‘नाकबप’ म्हणतात. पुढे तोंडावर पडायचा प्रकार पहिल्यांदा करायला लावला आणि कुणीतरी ‘नाकबप!’ ओरडलं, तेव्हा माझे दोन्ही हात आपसूक नाकावर गेले. का, ते त्यांना समजावून सांगता आलं नाही. (या प्रकारात कोपरापासून तळव्यापर्यंतचा हात चटईवर एकदम आपटायचा, मान बाजूला वळवायची, पोट आणि गुडघे वर उचललेले. नाक खरंच वाचतं.)

मागे पडताना हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर, म्हणजे डोकं आपटत नाही. हात अंगापासून साधारण ४५ अंशांवर, तळवे खाली, आणि पाठ टेकते त्याच क्षणी चटईवर थाप. हात खांद्याच्या रेषेत पसरले तर धक्का खांद्यात जातो, अंगाला चिकटवले तर कोपर बरगडीत घुसतं. थापेबरोबर श्वास बाहेर. आधी उकिडवं बसून, मग अर्धं उभं राहून, मग पूर्ण उभं राहून. तिसऱ्या पायरीला मी तीन आठवडे अडकले. अंगाला समजत होतं, पण पाय जमीन सोडायला तयार नव्हते.

खांदा

नोव्हेंबरात पुढची गोल कोलांटी, म्हणजे हवेजन नाकबप. ही शाळेतल्या पी.टी.मधली कोलांटी नाही. हाताची कड, मग कोपरापर्यंतचा हात, मग खांद्यामागचा मांसल भाग, तिथून पाठीवर तिरकं जात विरुद्ध बाजूचं कंबरेचं हाड, अशी रेघ जमिनीवर उमटायला हवी. माझा हात मध्येच मुडपला आणि मी थेट खांद्याच्या टोकावर उतरले. हाड शाबूत होतं, पण पाच आठवडे हात डोक्यावर जाईना. चूक माझीच, कोलांटी घेताना मी समोर पाहत होते. काखेतून मागे बघायचं असतं.

त्या पाच आठवड्यांत घरी बसले नाही, रोज जाऊन फक्त श्वासाचा भाग केला. दानजन म्हणजे बेंबीच्या दोन-तीन बोटं खालची जागा. तिथे श्वास भरायचा आणि बोटं ताणून पसरून हात अगदी सावकाश पुढे ढकलायचे, जणू भिंत सरकवतोय. खरं सांगते, सुरुवातीला मनात आलं होतं, हे आपल्याकडे प्राणायामात कधीचं आहे, मला काय शिकवताय. मग एक दिवस नर्सबाईंनी बेसावध असताना मनगट धरलं. ग्वानजांगनिम लांबून म्हणाले, श्वास कुठे गेला? छातीत अडकून बसला होता.

मनगट

आता मुख्य गोष्ट. स्वसंरक्षणाच्या भागाला ‘होशिनसुल’ म्हणतात आणि त्याची सुरुवात मनगटाच्या पकडीपासून होते. समजा, समोरच्याने त्याच्या उजव्या हाताने माझा डावा हात धरला. माझी, आणि बहुतेक सगळ्यांची, पहिली हालचाल म्हणजे हात मागे खेचणे. तसं केलं की माझी ताकद त्याच्या चार बोटांशी लढते आणि वर मी स्वतःच त्याला जवळ ओढून घेते.

खरी पद्धत: आधी धरलेल्या हाताची बोटं पूर्ण पसरायची. मनगट जरा फुगतं, पकड पूर्वीइतकी घट्ट बसत नाही. मग कोपर खाली सोडायचं, अंगठा वर, अर्धं पाऊल *पुढे*, आणि कोपर त्याच्या हाताच्या दिशेने घालायचं. माझा तळवा माझ्याच खांद्याकडे येतो आणि मनगट त्याचा अंगठा आणि बोटं जिथे भेटतात त्या फटीतून निसटतं. जोर लागत नाही. जोर लागला तर समजायचं, कोन चुकलाय.

हे वाचायला दहा सेकंद लागले असतील. मला चार महिने लागले, कारण पुढे जाणं मनाला पटत नव्हतं. ज्याने धरलंय त्याच्याकडेच पाऊल टाकायचं? इथे तीन तत्त्वं सांगतात: ह्वा, वन, यू. म्हणजे विरोध न करता जुळवून घेणे, वर्तुळ, आणि पाण्यासारखं वाहणे. भिंतीवर टांगलेली ती अक्षरं मी सजावट समजत होते.

इतिहास दोन ओळींत. हापकिदोचा जनक मानला जाणारा छ्वे योंग-सुल बरीच वर्षं जपानमध्ये काढून दुसऱ्या महायुद्धानंतर देगू शहरात आला. १९४८ साली तिथल्या एका दारूभट्टीवर डुकरांसाठी चोथा न्यायला आला असताना त्याचं भांडण झालं, त्याने चार-पाच जणांना लोळवलं आणि ते पाहणारा भट्टीमालकाचा ज्युदोपटू मुलगा, स बोक-सब, त्याचा पहिला शिष्य झाला, असं सांगतात. जपानमध्ये तो नेमकं काय आणि कुणाकडे शिकला, यावर वाद आहेत. पट्ट्यांचे रंग आणि परीक्षा संघटनेगणिक बदलतात, तेव्हा कुठली संघटना खरी, हा प्रश्न मला विचारू नका.

आणि सुवॉनला आलात तर ह्वासंग राजवाड्याच्या दारापुढे होणारं ‘मुये २४ गी’ चुकवू नका. १७९०च्या सचित्र युद्धकला-ग्रंथातले २४ प्रकार तिथे करून दाखवतात. हापकिदोशी थेट संबंध नाही, पण तलवारी फिरायला लागल्या की मला आमच्या पेठेतले मर्दानी खेळ आठवतात आणि मी शेजारच्या आजोबांना खुणांनी दांडपट्टा समजावत बसते.

किरकोळ

आरोळीचा, खिहापचा, मोठाच प्रश्न होता. सात वर्षांची पोरं चटई हादरवायची आणि माझा आवाज घशातच मरायचा. शेवटी एकदा तोंडातून ‘हाड्!’ निघालं, गल्लीतल्या कुत्र्याला म्हणतो ते. तोकडं, पोटातून, श्वास पूर्ण बाहेर. ग्वानजांगनिमनी मान डोलावली. तेव्हापासून तेच चालू आहे.

मारामारीबद्दल त्यांचा नियम कडक आहे: सोडव, अंतर घे, ओरड, पळ, ११२ला फोन कर. (क्रमांक आपल्याकडेही तोच.) इथल्या कायद्यात स्वसंरक्षण आहे, दंड संहितेचं २१वं कलम, पण त्याचा अर्थ न्यायालयं फार तोलूनमापून लावतात. उलट मारलंत की ‘सांगबांग’, म्हणजे दोघांनीही हाणामारी केली, अशी नोंद होऊ शकते.

जानेवारीत बर्फाच्या काचेवरून पाय सटकला. हनुवटी बरोबर छातीला गेली, डोकं वाचलं. हात मात्र थाप मारायच्या ऐवजी मागे टेकला, कारण दुसऱ्या हातात अंडी होती. मनगट आठवडाभर सुजलं. अंडी चार फुटली. निम्मं शिकलेय, असा हिशेब मी मांडला. आई फोनवर म्हणाली, “अगं, एवढे पैसे भरून पडायला शिकलीस, आणि पडलीसच!”

सध्या

पिवळा पट्टा डिसेंबरात मिळायचा तो फेब्रुवारीत मिळाला. पुढची परीक्षा मेमध्ये. डाव्या बाजूची कोलांटी अजून वाकडी जाते. बाजूची लाथ कंबरेच्या वर चढत नाही आणि गुडघा बघता मी तिच्या मागे लागणार नाही.

नवऱ्याला सांगून ठेवलंय, दिवसात केव्हाही न सांगता मनगट धर. फ्रिजवर कागद लावलाय. गेल्या पंधरवड्यात २२ वेळा धरलं, ९ वेळा मागे न खेचता सुटले. काल कणीक मळताना धरलं. बोटं पसरली, कोपर गेलं, हात सुटला, त्याच्या शर्टाला पीठ लागलं. पण तो म्हणतो, तुझा श्वास रोखलेला होता, मी पाहिलंय. दहावी रेघ मारायची की नाही, यावर घरात अजून वाद चालू आहे.