तुम्ही विचारलंत म्हणून: शिक्षा किती झाली?

"काका, एवढी वर्षे बसलात, शेवटी शिक्षा किती झाली?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत आणि एसटीतही विचारला जातो. कायद्याच्या हिशेबाने उत्तर सोपे आहे: काहीच नाही.

मे 1998 मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले गेले. त्याच वर्षी 6 ऑगस्टला, हिरोशिमाच्या दिवशी, मी परभणीत रस्त्याकडेच्या लिंबाखाली 'युद्ध नको' लिहिलेला पत्रा घेऊन बसलो आणि पुढे दर महिन्याच्या सहा तारखेला बसत राहिलो. तेलाचा डबा कापून सरळ केलेला तो पत्रा. रंग आदल्या पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला. माझ्या आईने रझाकारी पाहिली होती आणि 1948 च्या पोलीस ॲक्शननंतरचे दिवसही. त्याबद्दल ती फारसे बोलत नसे, पण विमानाचा आवाज आला की ओसरीवरून उठून आत जाई.

एका सहा तारखेला जमावबंदी होती, म्हणजे पाच जणांनी एकत्र यायचे नव्हते. माझ्याशेजारी चौघे येऊन बसले आणि आम्ही पाच झालो. त्यांतला एक तर निव्वळ सावलीसाठी आला होता. तेव्हाच्या दंड संहितेचे कलम 188, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याचे, लागले, ज्याच्या सौम्य भागाला फार तर महिनाभराची साधी कैद किंवा 200 रुपये दंड होता. "गुन्हा कबूल करा आणि सुटा," असे वकीलसाहेब म्हणाले. मी कबूल केला नाही, म्हणून अकरा वर्षे तारखा पडल्या.

हिच्या ऑपरेशनच्या दिवशी तारीख चुकली आणि जामीनपात्र वॉरंट निघाले. मुलीच्या बाळंतपणाला मस्कतला जायचे होते, परंतु खटला प्रलंबित असल्याने पासपोर्टसाठी न्यायालयाची परवानगी लागली. ती मिळाली तेव्हा नातू रांगत होता. लहान शिक्षेचे कलम फार लांब पुरते. मणिपूरच्या इरोम शर्मिला 2000 पासून 2016 पर्यंत उपोषणाला बसल्या; त्यांच्यावरच्या कलम 309 ची, म्हणजे आत्महत्येच्या प्रयत्नाची, कमाल शिक्षा एकच वर्ष, म्हणून वर्ष सरले की त्यांना सोडत आणि पुन्हा धरत. त्यांच्यापुढे माझे खेटे म्हणजे काहीच नव्हेत, हे मला कळते.

खटला संपला तो एका मुद्द्यावर: 188 साठी आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार न्यायालयापुढे यावी लागते, आणि इथे नुसतेच दोषारोपपत्र आले होते. तेवढ्यावर आम्ही पाचही जण सुटलो. मी त्या झाडाखाली का बसत होतो, हे अकरा वर्षांत कोणत्याही तारखेला मला विचारले गेले नाही.

पत्रा मात्र अजून मुद्देमालात आहे. पंचनाम्यात त्याची नोंद 'जुना पत्रा, एक नग' अशी आहे. तो परत मिळावा म्हणून गेल्या सोमवारी अर्ज दिला. त्यावर पुढची तारीख पडली आहे.