ब्रदर, तुम्ही फादर कधी होणार?

हा प्रश्न मला पालकसभेत विचारतात, लग्नाच्या मांडवात विचारतात, एसटीत शेजारी बसलेला अनोळखी माणूसही विचारतो. विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. त्याला वाटतं, शिक्षण चालू असेल, एखाद-दुसरी परीक्षा राहिली असेल. तसं काही राहिलेलं नाही. मी व्रतं घेतली ती ब्रदर म्हणून, आणि मरेन तोही ब्रदर म्हणूनच. पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

फादर म्हणजे गुरुदीक्षा घेतलेला कॅथलिक धर्मगुरू. तो मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करतो, पापनिवेदन ऐकतो. ब्रदरला हे करता येत नाही. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेऊन तो आपल्या धार्मिक संघात राहतो आणि संघाचं काम करतो. आमच्या संघाचं काम शिकवण्याचं. मी पालघर जिल्ह्यातल्या एका मराठी शाळेत गणित शिकवतो.

मी मूळचा वसईचा. आमच्याकडे मुलगा फादर झाला की पहिल्या मिस्सेला सगळा गाव लोटतो. बॅण्ड लागतो, मांडव पडतो, आईवडिलांना पुढच्या बाकावर मानाने बसवतात. ब्रदरची व्रतं एखाद्या लहान चॅपेलात पार पडतात आणि दुपारी जेवून मंडळी आपापल्या घरी जातात. त्यामुळे लोकांना वाटतं की मोठं काहीतरी व्हायचं राहिलंय. मला याचं आश्चर्य एवढ्यासाठीच वाटतं, की वसईने ज्याच्या नावाने कॉलेज काढलं, तो संत गोन्सालो गार्सिया ब्रदरच होता. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेला हा मुलगा जपानला गेला, तिथली भाषा बोलायला शिकला, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून दाखल झाला आणि सोबतच्या धर्मगुरूंचा दुभाषी म्हणून पुन्हा जपानात उतरला. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला पंचवीस सोबत्यांसह त्याला क्रुसावर मारलं. 1862 साली तो संत म्हणून जाहीर झाला. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत. तो फादर का झाला नाही, असं त्याच्या सणाला कुणी विचारत नाही.

पण शिकवणाऱ्या ब्रदरांची परंपरा फ्रान्समधून आली. रेम्स शहरातल्या श्रीमंत घराण्यातले जाँ-बातीस्त द ला साल स्वतः धर्मगुरू होते, तिथल्या कॅथीड्रलचे कॅनन, म्हणजे मानाचे पदाधिकारी, होते. गरिबांच्या शाळेसाठी मास्तर शोधण्याचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. त्या काळी असे मास्तर म्हणजे कुठेच काम न मिळालेली माणसं. ला साल यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलंय, की सुरुवातीला ते या मास्तरांना आपल्या घरच्या नोकरापेक्षाही खालचे समजत. 1681 मध्ये त्यांनी त्याच मास्तरांना आपल्या घरी राहायला आणलं. नातेवाईक भडकले. मग त्यांनी घर सोडलं, कॅननपद सोडलं आणि दुष्काळात आपली संपत्ती भाकरीच्या रूपाने वाटून टाकली. त्या मास्तरांचाच पुढे ब्रदरांचा संघ झाला. हा माणूस मला जवळचा वाटतो. मी त्यांच्या संघातला नाही, तरी वर्गात उभा राहणारा प्रत्येक ब्रदर त्यांचं देणं लागतो.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यांच्या आयुष्यातल्या एका मरणात आहे. आपल्यामागे संघाचा प्रमुख धर्मगुरू असावा, असं त्यांनाही वाटत होतं. त्यासाठी आंरी लरू नावाच्या हुशार ब्रदरला ते गुरुदीक्षेसाठी तयार करत होते. 1690 मध्ये, ला साल परगावी असताना, लरू अचानक वारले. ला साल परत आले तेव्हा लरूंना पुरूनही झालं होतं. त्यांनी यातून देवाची इच्छा वाचली आणि ठरवलं, या संघात कुणीही धर्मगुरू होणार नाही. पुढे नियमातच लिहिलं: ब्रदराने धर्मगुरू व्हायचं नाही, चर्चमधल्या गायकवृंदातही उभं राहायचं नाही, लॅटिन शिकवायचं नाही.

मी तरुणपणी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार कडक वाटलं होतं. आता वाटत नाही. फादरला सकाळी मयत असते, दुपारी लग्न, संध्याकाळी आजाऱ्याकडे ख्रिस्तप्रसाद न्यायचा असतो, आणि हे सगळं त्याने केलंच पाहिजे. अशा माणसाकडे शाळा दिली तर ती मागे पडणार. ला साल यांना असा माणूस हवा होता, ज्याला वर्ग सोडून जायला दुसरी पवित्र जागाच नाही.

लॅटिन न शिकवण्यामागे मुलांचाही विचार होता. तेव्हा मुलांना वाचन आधी लॅटिनमधून शिकवत, जी भाषा ती घरात कधी ऐकत नसत. ला साल यांनी आधी फ्रेंच वाचायला लावलं. दोन-चार वर्षांतच शाळा सोडून कामाला लागणाऱ्या मुलाच्या हाती निदान उपयोगी वाचन यावं म्हणून. आमच्या पहिलीत वारली घरातून आलेलं पोर पाठ्यपुस्तकातली मराठी ऐकून गप्प बसतं, तेव्हा मला हे आठवतं. त्याच्या तोंडच्या शब्दांनी सुरुवात केली की आठवड्याभरात ते बोलू लागतं.

त्यांनी शाळा चालवण्याबद्दल लिहिलेलं पुस्तक 1720 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने छापलं गेलं. त्यात गैरहजर मुलांवर एक प्रकरण आहे. मुलगा का येत नाही याची कारणं शोधताना घरची गरिबी येते, मुलाचा चंचलपणा येतो, आणि शिक्षकाचा जीव मुलावर नाही हेही कारण येतं. दिवाळी झाली की आमचे वर्ग रिकामे होऊ लागतात. आईबाप वीटभट्टीवर जातात. इथले लोक त्याला ‘जगायला जाणं’ म्हणतात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी सरकारचं हंगामी वसतिगृह असतं, दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्डही असतं, पण लहान भावंडाला सांभाळायला मोठी मुलगी लागते हे कुठल्या कार्डाने सुटत नाही. आम्ही ब्रदर सुट्टीच्या दिवशी भिवंडीकडच्या भट्ट्यांवर जातो. आईबापांशी बसून बोलतो. काही मुलं परत येतात, काही येत नाहीत. न आलेल्यांची नावं मी हजेरीपटावरून मनाने कधीच काढत नाही.

पैशांबद्दलही विचारतात. अनुदानित शाळेत माझा पगार इतर शिक्षकांइतकाच असतो, तो संघाच्या खात्यात जातो. अशा पगारावर आयकर कापावा की नाही हा वाद वर्षानुवर्षं चालला, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कापावा असं सांगितलं. मला तो निकाल योग्य वाटतो. देशाच्या शाळेत शिकवतो, देशाचा कर भरावा.

एकटेपणाचं विचारलंत, तर तो असतो. भाचीच्या लग्नाहून परतताना जास्त असतो. तो लपवावा असं मला वाटत नाही.

हल्ली एखादी आई वेगळाच प्रश्न घेऊन येते: “ब्रदर, मुलगा तुमच्यासारखं व्हायचं म्हणतो, काय करू?” मी तिला सांगतो, घाई नको. नोविशिएट, म्हणजे व्रतांआधीचा तयारीचा काळ, निदान वर्षभराचा असतो, त्यानंतर किमान तीन वर्षं तात्पुरती व्रतं, मगच कायमची. नोविशिएटमधून कधीही, आणि तात्पुरत्या व्रतांची मुदत संपली की घरी परतता येतं आणि त्यात कसलाही कमीपणा नाही. आणि त्या मुलाला म्हणतो, आधी जूनमध्ये ये. नवीन पहिलीच्या वर्गात रडणाऱ्या पोरांमध्ये महिनाभर बस. त्यांना चपला घालायला मदत कर, पाटीवर एक ते दहा लिहून दे. महिना संपल्यावरही दुसऱ्या दिवशी सकाळी तुला वर्गात यावंसं वाटलं, तर आपण बोलू.