प्रागमधल्या साठ घटिका

आमच्या लग्नाचा मुहूर्त दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांचा होता आणि तो चुकू नये म्हणून आजोबांनी माळ्यावरचे तांब्याचे घटिकापात्र काढून, चिंचेने घासून, लख्ख करून ठेवले होते. तळाला बारीक छिद्र असलेली ती वाटी पाण्यावर सोडली की हळूहळू भरते आणि २४ मिनिटांनी बुडते. ती एक घटिका; सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत अशा साठ. कार्यालयात प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना दोन काका त्या वाटीवर डोळे लावून बसले होते, याचे मला अंतरपाटाआड हसू आले होते.

पाचव्या दिवशी आम्ही प्रागला उतरलो तेव्हा मात्र किती वाजले आहेत, या साध्या प्रश्नावर आम्हा दोघांचे एकमत होईना. घरी फोन करायला सोपे जावे म्हणून नवऱ्याने मनगटावरचे घड्याळ भारताच्या वेळेवरच ठेवले होते, माझा मोबाइल आपण होऊन साडेतीन तास मागे गेला होता, आणि आखातातल्या विमानतळावर खुर्चीत बसून काढलेल्या रात्रीचा हिशेब दोघांच्या शरीरांनी आपापल्या परीने लावला होता. त्याला झोप येत होती. मला भूक लागली होती.

मधुचंद्राच्या पहिल्या दिवशी चंद्राआधी बॅगा भेटतात. प्रागच्या जुन्या भागातले रस्ते दगडांचे आहेत. त्यांतल्या गोलसर दगडांना चेक लोक ‘मांजराची डोकी’ म्हणतात. त्या डोक्यांवरून आमच्या दोन बॅगांची चाके असा काही खडखडाट करत निघाली की खिडकीतून कोणी डोकावले असते तर ते मला अगदी रास्त वाटले असते. त्यातली एक बॅग निम्मी भडंग, चकल्या आणि रुखवतातल्या लाडवांनी भरलेली होती. हॉटेलात पोहोचल्यावर कळले की खोली तीन वाजता मिळेल. तेव्हा साडेअकरा झाले होते. त्याच्या घड्याळात तीन.

बॅगा तिथेच ठेवून आम्ही बाहेर पडलो आणि माझ्या लक्षात आले की लग्न ठरल्यापासूनच्या पाच महिन्यांत आम्ही दोघेच असे कधी नव्हतोच. शनिवारच्या भेटी होत्या, पण त्यांना परतीची वेळ होती. लग्नाच्या आठवड्यात तर ‘जेवलीस का’ विचारायला वीस माणसे होती. इथे डावीकडे वळायचे की उजवीकडे, हेसुद्धा आम्हालाच ठरवायचे होते, आणि दोघेही इतके समंजसपणे ‘तू म्हणशील तसे’ म्हणत होतो की एका चौकात आम्ही चांगली पाच मिनिटे उभे राहिलो. शेवटी गर्दी जिकडे चालली होती तिकडे गेलो आणि जुन्या नगरभवनाच्या भिंतीवरच्या ‘ओरलोय’समोर येऊन थांबलो.

हे खगोलीय घड्याळ १४१० सालचे. पुष्कळ काळ त्याचे श्रेय हानुश नावाच्या कारागिराला दिले जाई आणि असे दुसरे घड्याळ कुठे होऊ नये म्हणून नगरपित्यांनी त्याचे डोळे काढले, अशी कथाही सांगत. खरा कर्ता कादान गावचा मिकुलाश होता, हे पुढे कागदपत्रांवरून स्पष्ट झाले. मी प्रवासाआधी त्याविषयी थोडे वाचले होते, तरी तबकडी प्रत्यक्ष पाहिल्यावर आधी काहीच उमगेना. सोनेरी रोमन आकड्यांवर आपली नेहमीची वेळ दिसते. बाहेरच्या कड्यावर जुनी बोहेमियन, म्हणजे प्रागभोवतीच्या प्रदेशातली, वेळ असते. तिचा दिवस सूर्यास्ताला संपतो आणि तिथूनच नवा सुरू होतो, म्हणून ते कडे वर्षभर मावळतीच्या मागे-पुढे सरकत राहते. आणि मधल्या वक्र रेषा उगवतीपासून मावळतीपर्यंतच्या काळाचे बारा भाग दाखवतात. हे तास उन्हाळ्यात लांबतात आणि हिवाळ्यात आखडतात. शिवाय राशिचक्रावरून फिरणारा सूर्य आहे आणि कला दाखवणारा, अर्धा चंदेरी, अर्धा काळा चंद्र आहे. आपले पंचांग भिंतीवर चढवून त्याला काटे लावावेत, तसा हा प्रकार वाटला. दिनमानाचे आठ भाग करून राहुकाळ काढणाऱ्या माझ्या आजोबांना त्या वक्र रेषा कोणी समजावून सांगाव्या लागल्या नसत्या.

एक वाजायला आला तसे लोकांचे मोबाइल वर झाले. सांगाड्याच्या रूपातल्या मृत्यूने दोरी ओढून घंटा वाजवली, आरशात पाहणाऱ्या अहंकाराने आणि थैली धरलेल्या कंजुषाने ‘नाही, नाही’ अशा माना हलवल्या, वरच्या दोन खिडक्यांतून येशूचे बारा शिष्य क्रमाने डोकावून गेले, शेवटी कोंबडा आरवला आणि संपले. मिनिटभराचाही खेळ नव्हता. मी भारावून शेजारी पाहिले, तर नवरा म्हणाला, “एवढंच?”

पाच महिन्यांत त्याने मनातले काही इतके थेट सांगितले नव्हते. मला राग आला आणि लगेच बरेही वाटले, कारण तोवर त्याला माझे सगळेच आवडत आले होते, आणि ते जरा संशयास्पदच होते. बाहेरच्या कड्यावर त्या वेळी १६ च्या आसपास वाजत होते, कारण मे महिना संपत आला होता आणि सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळणार होता. हे मी त्याला मोठ्या उत्साहाने समजावून सांगत असताना तो यान हुस या धर्मसुधारकाच्या स्मारकाजवळच्या बाकावर बसल्या बसल्या झोपी गेला.

त्याला उठवावेसे वाटेना. समोर ‘तीन’ (Týn) नावाच्या चर्चचे दोन मनोरे दिसत होते. त्यांना ॲडम आणि ईव्ह म्हणतात आणि त्यांतला एक दुसऱ्यापेक्षा जाड आहे. हिरवा चुडा आणि कोपरापर्यंतची मेंदी घेऊन मी एका झोपलेल्या माणसाची राखण करत बसले होते. एका आजीबाईंनी माझ्या हातांकडे बोट दाखवून काही तरी कौतुकाचे म्हटले. भाषा कळली नाही, पण सूर कळला. जागा झाल्यावर आम्ही जेवायला गेलो, पाणी मागितले आणि सोड्यासारखे बुडबुड्यांचे पाणी आले, कारण साध्या पाण्यासाठी ‘नेपेर्लिवा’ म्हणावे लागते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. ब्रेडचा चुरा लावून तळलेली चीजची जाड वडी आणि उकडलेले बटाटे त्याने मुकाट्याने खाल्ले. संध्याकाळ अशी झालीच नाही. नऊपर्यंत लख्ख उजेड होता आणि आम्ही त्याआधीच खोलीचे पडदे ओढून, कसल्याही काव्याविना, गाढ झोपलो.

पहाटे साडेतीनला मला जाग आली. भारतात तेव्हा सात वाजले होते, घरी आई चहा टाकते त्याच वेळेला. त्याची झोप मोडू नये म्हणून मी निश्चल पडून राहिले. बऱ्याच वेळाने कूस बदलताना बांगड्या किणकिणल्या, तेव्हा अंधारातून आवाज आला, “तूही जागीच का?” तोही तासभर माझ्यासाठी तसाच पडून होता. भडंगाची पिशवी घेऊन आम्ही खाली उतरलो.

पहाटे चार्ल्स पुलावर चिटपाखरू नव्हते. राजा चौथ्या कार्लने, म्हणजेच चार्ल्सने, या पुलाचा पहिला दगड १३५७ सालच्या सातव्या महिन्यात, नऊ तारखेला, पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांनी बसवला, असे सांगतात. वर्ष, दिवस, महिना, तास, मिनिटे ओळीने मांडली की १३५७९७५३१ असा चढता-उतरता आकडा होतो. राजालाही मुहूर्त लागला होता, यावर नवरा खूश झाला. तीस मूर्तींमध्ये नेपोमुकच्या संत यान या धर्मगुरूची मूर्ती सर्वांत जुनी, १६८३ ची. त्याला १३९३ साली राजा चौथ्या वाक्लाव्हच्या हुकमाने व्ल्टावा नदीत बुडवले गेले. दंतकथा सांगते की राणीने पापनिवेदनात काय सांगितले, ते त्याने राजाला सांगितले नाही म्हणून. मूर्तीखालचा ब्राँझचा फलक स्पर्शांनी सोन्यासारखा झाला आहे. तिथे हात लावून इच्छा मागायची असते. मी मागितली.

“काय मागितलंस?”

“या पुतळ्यापुढे उभा राहून बायकोला हे विचारतोस?”

तो हसला आणि त्याने भडंग पुढे केले. जुन्या गावाच्या बाजूच्या मनोऱ्यामागून ऊन आले. बोहेमियन हिशेबाने आमचा पहिला दिवस आम्ही झोपेत असतानाच कधीचा संपला होता, मोबाइलच्या हिशेबाने मध्यरात्री. आजोबांच्या हिशेबाने तो आता संपत होता.