नेब्रास्काचा काउबॉय ट्रेल : एन्सवर्थपर्यंत मजेत, पुढे वाळूत

"रूळ काढलेल्या रेल्वेमार्गावरची वाट आहे, चढ नाहीच म्हटले तरी चालेल, डोळे मिटून जा," असे सांगून ओमाहा शहरातल्या परिचितांनी आम्हाला अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातल्या, पूर्वेच्या नॉरफोकपासून पश्चिमेच्या व्हॅलेंटाइनपर्यंत जाणाऱ्या ज्या काउबॉय ट्रेलवर पाठवले, त्याचा निकाल आधीच सांगून टाकतो. नॉरफोक ते एन्सवर्थ हा भाग नियमित सायकल चालवणाऱ्या कोणीही बेलाशक करावा. एन्सवर्थ ते व्हॅलेंटाइन हा सुमारे ७५ किलोमीटरांचा शेवटचा टप्पा मात्र टायर किमान ४५ मिलिमीटर रुंद असल्याखेरीज करू नये.

चढाविषयी सांगितलेले खोटे नव्हते. १९९२ मध्ये बंद पडलेल्या या रेल्वेमार्गावर नॉरफोकपासून व्हॅलेंटाइनपर्यंतच्या तीनशेहून अधिक किलोमीटरांत उंची जेमतेम सव्वातीनशे मीटरांनी वाढते. संपूर्ण राज्याची घडणच अशी कलती आहे. आग्नेय टोकाला मिसुरी नदीकाठी २५६ मीटर असलेली जमीन पश्चिमेकडे न कळत चढत जाते आणि नैर्ऋत्य कोपऱ्यातील पॅनोरमा पॉइंटला सुमारे १,६५० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईची उंची गाठते. फरक इतकाच, की तेथे डोंगर नाही, सपाट कुरण आहे. अडचण चढाची नसून पायाखालच्या जमिनीची आहे, आणि ती आम्हाला कोणीही सांगितली नाही, कारण बहुतेकांचे नेब्रास्का म्हणजे प्लॅट नदीच्या खोऱ्यातून जाणारा आय-८० महामार्ग आणि दोन्ही बाजूंचा मका.

शंभरावे पश्चिम रेखावृत्त या वाटेला एन्सवर्थ आणि जॉन्सटाउन यांच्या मध्ये छेदते. ढोबळमानाने तेथूनच पावसाळी पूर्व संपून कोरडी पश्चिम सुरू होते, आणि वाटेच्या दक्षिणेला सँडहिल्स पसरलेल्या आहेत : सुमारे ५०,००० चौरस किलोमीटर वाऱ्याने आणलेली वाळू, जी केवळ गवताच्या मुळांनी धरून ठेवली आहे. पूर्वेकडे वाटेवर पसरलेली चुनखडीची बारीक खडी घट्ट बसलेली आहे. येथे ती वाळूत मुरून गेली आहे. पुढचे चाक भरकटते, मागचे रुतते, आणि सपाट रस्त्यावर सर्वांत लहान गिअर टाकूनही चालत्या माणसाइतकाच वेग निघतो. वूड लेकच्या अलीकडे आम्ही सायकली अक्षरशः ढकलल्या. तेथे उगाच हट्ट धरू नका; महामार्ग २० वाटेला समांतर आहे, खुशाल डांबरावर या. ट्रक वेगात जातात, म्हणून मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

दुसरे संकट सराट्यांचे. आपल्याकडच्या शेतबांधावरचाच हा सराटा : फळाच्या पाच फाका होतात, प्रत्येक फाकेला दोन मोठे काटे, आणि फाक कशीही पडली तरी एखादा काटा वर राहतोच. गावांजवळ वाटेच्या उघड्या कडांवर याचे वेल पसरतात. आम्ही ऑगस्टअखेरीस गेलो, म्हणजे फळे वाळून कडक झालेल्या दिवसांत, आणि साध्या ट्यूब वापरणाऱ्या सोबत्याचे पंक्चर काढण्यातच अर्धी दुपार गेली. सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) भरलेले ट्यूबलेस टायर वापरा, दुसरा पर्याय सुचवणार नाही. मेअखेर ते जून या काळात काटे कमी असतात, पण मग वादळ आणि गारा यांची तयारी हवी.

जॉन्सटाउन आणि वूड लेक ही शंभराच्या आतल्या वस्तीची गावे आहेत. तेथे पाणी मिळेल असे गृहीत न धरता एन्सवर्थहून माणशी चार लिटर घ्या. वायव्येच्या जोरदार वाऱ्याचा अंदाज असेल तर एन्सवर्थलाच मुक्काम वाढवा. मार्च २०१९ च्या पुराने या वाटेवरचे अनेक पूल आणि भराव उखडले होते, तेव्हा कोणता भाग बंद आहे हे नेब्रास्का गेम अँड पार्क्स या सरकारी विभागाकडे निघण्यापूर्वी विचारा. नेली, ओ'नील, अ‍ॅटकिन्सन, बॅसेट या गावांबद्दल तक्रार नाही. जेवण आणि तंबूला जागा मिळते, त्यापलीकडे लिहिण्यासारखे काही नाही.

व्हॅलेंटाइनच्या अलीकडे नायोब्रारा नदीवरचा जुना रेल्वेपूल लागतो, सुमारे ४०० मीटर लांब आणि ४५ मीटर उंच. त्यावर पोचल्यावर आम्ही वेड्यासारखे ओरडलो, आणि एवढ्या एका पुलासाठी वाळू परवडली असे त्या क्षणी वाटले. थकल्या माणसाचे मत म्हणून वाचकाने त्यातले निम्मे धरावे. ज्याला केवळ पूल पाहायचा आहे, त्याने मोटारीने व्हॅलेंटाइनला यावे आणि तेथून सायकलने जाऊन परतावे.

व्हॅलेंटाइन ज्या चेरी काउंटीचे, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचे, मुख्य ठिकाण आहे, तिचे क्षेत्रफळ जवळजवळ पुणे जिल्ह्याएवढे आणि लोकसंख्या साडेपाच हजारांच्या आसपास. परतीची सोय अशा ठिकाणी आयत्या वेळी शोधणाऱ्याला भाव करता येत नाही. त्यातून उन्हाळ्यातल्या शनिवारी नदीत तरंगायला आलेल्यांची गर्दी, त्यामुळे मोटेलची खोली मिळाली ती आठवड्याच्या मधल्या दिवसांच्या जवळजवळ दुप्पट दराने. आम्हाला नॉरफोकला परत नेणाऱ्या पिकअपवाल्याने ठरलेली रक्कम सायकली चढवून झाल्यावर दीडपट केली. कारण काय, तर आधीचा दर फक्त माणसांचा होता. रविवारी मुक्कामाला पोचाल असा बेत आखा, परतीची गाडी नॉरफोकहून निघण्यापूर्वीच ठरवा, आणि रक्कम सायकली धरून आहे की सोडून, हे लेखी घ्या.