अण्णांचा पहारा

पुण्याहून रात्री निघालेली बस कोगनोळी ओलांडते तेव्हा मला हमखास जाग येते. मग तवंदी घाट, संकेश्वर आणि उजाडता उजाडता बेळगाव. स्टँडवरूनच खानापूरची गाडी धरली. पिरनवाडी, मच्छे मागे पडलं की हवा बदलते. फाल्गुनात भाताची शेतं मोकळी असतात आणि काजूला मोहोर आलेला असतो. त्या वासाबरोबर मला आजोबा आठवतात. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो.

गावच्या ज्ञानेश्वरी पारायण सोहळ्याला यंदा पहिल्यांदाच त्यांच्याशिवाय गेलो. खानापूरला उतरलो तो घरी न जाता आधी असोग्याला गेलो. तिथेच, रामेश्वराच्या देवळाजवळ, गेल्या वर्षी त्यांच्या अस्थी मलप्रभेत सोडल्या होत्या. पाणी कमी होतं, खडक उघडे पडले होते. बराच वेळ बसून राहिलो.

अण्णा मराठी शाळेत मास्तर होते. भूगोल शिकवताना फळ्यावर पहिली नदी काढायचे ती हीच. कणकुंबीला माउली देवीच्या देवळापाशी उगम, मग खानापूर, पुढे सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराच्या बाजूनं वाहत, बसवण्णांची समाधी आहे त्या कूडलसंगमाला कृष्णेत. "माउलीकडून निघते नि बसवण्णाकडं पोचते, मग ती कुणाची?" असं विचारून ते वर्गाकडे बघत राहायचे. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं तेव्हा ते शाळकरी पोर होते. मराठी शाळा टिकावी म्हणून ते दारोदार पटासाठी हिंडले, आणि त्याच हातांनी चाळिशीत कन्नड बाराखडी गिरवली. कारण कचेरीतले कागद कन्नडमध्ये यायचे आणि गावातल्या बायाबापड्यांना ते वाचता येत नव्हते.

संध्याकाळी आमच्या सोप्यावर माणसं बसलेली असायची. कुणाला शेताचा उतारा समजून घ्यायचा असे, कुणाला विधवा पेन्शनचा अर्ज हवा असे. आजी आतून चहा पाठवत राहायची. पावडर संपली की गूळ-पाणी. या सेवेत आजीचा वाटा अर्ध्याहून जास्त होता असं मला आता वाटतं, त्या वेळी तो कुणी मोजला नाही. गावात कुणी गेलं की अण्णा तिरडी बांधायला जायचे आणि आजी त्या घरच्यांसाठी पिठलं-भाकरी करायला बसायची. जात, भाषा, जुनं भांडण काही आड यायचं नाही. "त्यांची चूल बंद हाय आज," एवढंच ती म्हणायची.

घरी पोचलो तेव्हा ती उंबऱ्यातच होती.

"जेवलास काय?"

"नाही."

"हातपाय धू. रात्री दोनला उठायचं हाय तुला."

सप्ताहात वीणा जमिनीला टेकत नाही. सात दिवस, अहोरात्र, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. दोन-दोन तासांचे पहारे वाटून दिलेले असतात, आणि रात्री दोन ते चार हा सगळ्यात अवघड पहारा अण्णांनी आपणहून मागून घेतलेला. वयाच्या पंचाहत्तरीपर्यंत त्यांनी तो चालवला. पहाऱ्यांच्या फळ्यावर अजून त्यांचंच नाव होतं. कुणी पुसलं नव्हतं.

दोनला मंडपात गेलो. कीर्तन केव्हाच संपलं होतं, घोंगडी पांघरून काही जण कोपऱ्यात आडवे झाले होते. वीणा गळ्यात पडली आणि खांद्याला तिचं वजन कळलं. तार छेडत, नाम घेत उभा राहिलो. तीनच्या पुढे पोटऱ्या भरून आल्या, गारठा वाढला. अण्णा अशा वेळी डोळे मिटायचे नाहीत, समोर विठ्ठलाच्या तसबिरीकडे बघायचे. मीही बघत राहिलो.

चारचा पहारा खालच्या गल्लीतल्या एका काकांचा. घरात कन्नड बोलणारे, कपाळाला विभूती, पण हरिपाठ तोंडपाठ. कित्येक वर्षं अण्णांच्या गळ्यातली वीणा तेच घेत आले होते. ते आले तसा मी वीणा उतरवायला वाकलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"अजून धा मिनिटं हाईत. अण्णा कधी आधी देत नव्हते."

आणि ते माझ्या शेजारी टाळ घेऊन उभे राहिले.